पांढरा धूर दिसला? हेड उघडायच्या आधी एवढं बघा

डिसेंबर लागला आणि निफाडकडचा पारा खाली आला, की आमच्या गॅरेजचं शटर वर जायच्या आतच एखादी गाडी बाहेर उभी असते. मालक मफलर गुंडाळून सायलेन्सरपाशी वाकलेला. "भाऊ, घरून निघालो तेव्हा नुसता पांढरा धूर होता, आता बंद झालाय." यातल्या बऱ्याच गाड्यांना काहीही झालेलं नसतं. पण याच गाड्यांमध्ये एखादी अशी निघते, जिचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, महिनाभर गुपचूप कमी होत होतं, मालक वरून बोअरचं पाणी टाकत राहिला आणि आता हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, वाकलंय. मोबाइलवर काढलेल्या फोटोत दोन्ही गाड्यांचा धूर अगदी सारखा दिसतो.

म्हणून नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका. धूर कधी येतो, किती वेळ टिकतो, त्याला वास कसला येतो आणि कूलंट कमी होतंय का, या चार गोष्टी बघा. त्या बघायला मेकॅनिक लागत नाही. ज्यांनी आजवर बोनेटही उघडलेलं नाही, त्यांनाही जमेल अशा क्रमाने सांगतो.

आधी वाफ वेगळी काढा

इंधन जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. एरवी ती वाफ दिसत नाही. थंडीत सायलेन्सरचा पत्रा गार असतो, बाहेरची हवाही गार असते, त्यामुळे वाफेचे बारीक थेंब होतात आणि पांढरा लोट दिसतो. सीएनजीच्या गाडीत हे आणखी जास्त दिसतं, कारण एक किलो सीएनजी जळला की साधारण सव्वादोन किलो पाणी होतं. थंडीत सीएनजी गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब टपकताना दिसले तर घाबरू नका, ते याच पाण्याचे असतात.

आता प्रत्यक्ष बघू. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. सकाळी मोकळ्या जागेत उभी करा. बंद पार्किंगमध्ये हे करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याला वास नसतो. दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे, जरा बाजूला उभे राहा. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवा. मागे काळपट भिंत किंवा झाड असलं तर रंग नीट कळतो. कोवळ्या तिरप्या उन्हात निळसर धूरही पांढरा वाटतो आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते.

वाफ सायलेन्सरपासून दोन-चार फुटांवर हवेत विरून जाते. खरा धूर रेंगाळतो, गाडीच्या मागे पडदा धरल्यासारखा तरंगत राहतो. इंजिन गरम झालं आणि गाडी आठ-दहा किलोमीटर पळाली, म्हणजे वाफ बंद व्हायला हवी. मे महिन्याच्या दुपारी, गरम इंजिनावर, पांढरा लोट दिसत असेल तर ती थंडीची वाफ नव्हेच.

एक खूण मात्र बारकाईने बघा. सकाळी सेल्फ मारल्यावर गाडी पहिले काही सेकंद तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरते, मागून पांढरा भपका येतो आणि मग सगळं सुरळीत. मालक म्हणतो, थंडीने होत असेल. गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, जायला लागल्याची ही अगदी सुरुवातीची खूण असू शकते. रात्री गाडी उभी असताना कूलंट पाझरून एका सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी तेच आधी बाहेर फेकलं जातं. असं सलग दोन-तीन दिवस झालं तर पुढची तपासणी लांबवू नका. आणि सेल्फ मारताना इंजिन मध्येच अडकल्यासारखं टक्कन थांबलं, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

वास

सायलेन्सरला नाक लावायचं नाही. थोडं दूर उभं राहून हाताने हवा आपल्याकडे ओढायची. नुसती वाफ असेल तर फारसा वास नसतो. कूलंट जळत असेल तर गोडसर, काकवी तापल्यासारखा वास येतो, कारण कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. डिझेल गाडीत न जळलेलं डिझेल बाहेर येत असेल तर वास उग्र असतो आणि डोळे चुरचुरतात. ऑइल जळत असेल तर करपल्यासारखा वास येतो आणि धुरात निळी झाक असते. तो पिस्टन रिंग, व्हॉल्व सील किंवा टर्बोचा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

गोड वासावरून आठवलं. हे कूलंट विषारी असतं आणि त्याच्या गोडीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. अंगणात सांडलं तर भरपूर पाण्याने धुवून काढा, काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा आणि कॅन मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

मार्करची रेघ

या संपूर्ण लेखातली सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे दहा-वीस रुपयांचा मार्कर पेन. गाडी रोज एकाच सपाट जागेवर लावा. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, कूलंटच्या बाटलीवर पातळीला रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. गरम इंजिनावर पातळी वर चढते, तेव्हा मारलेल्या रेघेला अर्थ नाही. आठवडाभर रोज बघा. धडधाकट गाडीत रेघ आठवड्यात हलत नाही. कमाल आणि किमान या दोन खुणांमधलं अंतर दोन-तीन आठवड्यांत उतरलं, तर कूलंट कुठेतरी जातंय हे नक्की.

या आठवड्यात वरून पाणी टाकू नका, नाहीतर हिशेबच मोडतो. पातळी किमान खुणेच्या खाली गेली तर मात्र गाडी चालवू नका, कूलंट भरा आणि किती भरलं ते लिहून ठेवा. भरताना कंपनीने सांगितलेलंच कूलंट भरा. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात, अॅल्युमिनियमचं हेड खंगतं, आणि मग पांढऱ्या धुराची खरी गोष्ट सुरू होते.

कूलंट कमी होतंय म्हणजे लगेच गॅस्केट गेली असं नाही. आधी बाहेरची गळती शोधा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. रेडिएटरच्या कडा, होजचे क्लिप आणि वॉटर पंपाखालची जागा टॉर्च मारून बघा. वाळलेल्या कूलंटचा हिरवा, गुलाबी किंवा पांढुरका डाग राहतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचं मॅटिंग ओलं लागतंय का, काचेच्या आतून चिकट धुकं येतंय का, तेही बघा. तसं असेल तर डॅशबोर्डमधला हीटर कोअर गळतोय, इंजिनाचा दोष नाही. यातलं काहीच नाही, जमीन कोरडी, आणि तरी रेघ खाली चालली आहे, तेव्हा आमच्या भाषेत इंजिन पाणी खातंय.

ऑइलची पट्टी आणि झाकण

इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर गाडी चालू करू नका, टो करून न्या. असं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

ऑइल भरायच्या झाकणाखाली मात्र हिवाळ्यात पिवळसर साय धरते. घरापासून दुकानापर्यंत आणि परत, असं दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाड्यांत ती हमखास असते, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि आतला दमटपणा उडून जात नाही. झाकणाखाली साय आणि पट्टीवर ऑइल स्वच्छ, असं असेल तर एकदा हायवेला तासभर गाडी पळवा, पुसून घ्या आणि पुन्हा बघा.

आणि ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट ठीक, असंही समजू नका. गॅस्केट कुठे जळली त्यावर ते ठरतं. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये जळली तर ऑइलला धक्काही लागत नाही, आणि पांढऱ्या धुराच्या गाड्यांत बहुतेक वेळा जागा हीच असते.

गार इंजिनावर बाटलीतले बुडबुडे

ही तपासणी फक्त सकाळी, इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री करूनच. गरम इंजिनाचं रेडिएटरचं किंवा बाटलीचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं आणि झाकण सैल होताच ते तोंडावर उडतं. आमच्याकडे काम शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी पाना हातात द्यायच्या आधी हे सांगतो.

गार झाकण उघडा आणि गाडी चालू करून टॉर्चच्या उजेडात आत बघा. पहिले एक-दोन मिनिटं अडकलेली हवा बाहेर पडू शकते, विशेषतः नुकतंच कूलंट बदललं असेल तर. ते बुडबुडे मोठे असतात आणि थांबतात. गॅस्केटमधून येणारा गॅस वेगळा कळतो. बारीक बुडबुड्यांची माळ लागते, थांबत नाही, आणि रेस दिली की वाढते. पातळी वर चढायला लागली की लगेच गाडी बंद करा.

दुसरी खूण हाताला कळते. झाकण घट्ट लावा, गाडी पुन्हा गार असताना चालू करा आणि मिनिटभराने रेडिएटरचा वरचा जाड होज दाबून बघा. पंख्यापासून हात लांब ठेवा. कूलंट अजून कोमटही नाही आणि होज मात्र दगडासारखा टणक झालाय, याचा अर्थ आत दाब उष्णतेचा नाही. जळलेला गॅस पाण्यात शिरतोय.

गॅरेजमध्ये काय करायला सांगाल

इथपर्यंतची वही आणि व्हिडिओ घेऊन गेलात तर मेकॅनिकचं निम्मं काम झालेलं असतं. आता त्याला तीन गोष्टी करायला सांगा. त्यातल्या एकाही कामाला हेड उघडावं लागत नाही.

कूलंट सिस्टिमला हातपंपाने दाब देतात, झाकणावर लिहिलेला असतो तेवढाच, बहुतेक गाड्यांत एक बारच्या आसपास. पंधरा मिनिटं काटा जागेवर राहायला हवा. काटा पडतोय आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर गळती आत आहे. दाब काही तास तसाच ठेवून स्पार्क प्लग काढले आणि भोकातून बारीक कॅमेरा आत घातला, तर ज्या सिलिंडरमध्ये पाणी उतरतं त्याचा पिस्टन इतरांपेक्षा धुतल्यासारखा चकचकीत दिसतो. त्याचा प्लगही असाच. बाकी तिघांवर तपकिरी थर आणि एक नवाकोरा वाटावा इतका स्वच्छ.

दुसरी तपासणी निळ्या द्रवाची. नळीत निळा द्रव भरून ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि पाण्यावरची हवा त्यातून ओढतात. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की निळ्याचं पिवळं होतं. कूलंट चुकून नळीत ओढलं गेलं तर निकाल बाद, पुन्हा करा.

तिसरी कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायची. इथे आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर शंका घ्या. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील, तर त्यांच्यामधली गॅस्केट जळली असण्याची शक्यता फार मोठी. पण तिन्ही सिलिंडर किंवा चारही ठीक आले म्हणून सुटलो असं मानू नका. बारीक पाझर कॉम्प्रेशनच्या काट्यावर दिसत नाही.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी एक डिझेल पिकअप आली. द्राक्षाचा हंगाम, मालकाला गाडी दोन दिवसांत हवी. कूलंट कमी होत होतं, पांढरा धूर होता, गोड वास होता, बाटलीत बुडबुडे होते. सगळं गॅस्केटकडे बोट दाखवत होतं. मी हेड उघडलं. गॅस्केट धड होती. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातली, हेड सरळ होतं. तरी नवी गॅस्केट टाकून गाडी बांधली, आणि तिसऱ्या दिवशी तोच धूर घेऊन गाडी दारात.

दोष होता ईजीआर कूलरचा. डिझेल गाडीत सायलेन्सरकडे जाणारा थोडा गरम धूर परत इंजिनात पाठवतात आणि वाटेत तो कूलंटने गार करतात. त्या कूलरची आतली नळी चिरली की पाणी धुरात जातं आणि इंजिनात जळतं. उलट, धुराचा दाब जास्त असेल तेव्हा धूर पाण्यात शिरतो. म्हणून बाटलीत बुडबुडे होते. निळा द्रवसुद्धा अशा वेळी रंग बदलतो. ईजीआरचा पाइप सोडला तर आतली काजळी कोरडी असायच्या ऐवजी ओल्या चिखलासारखी झाली होती. हा पाइप मी आधी सोडला असता तर अर्ध्या तासात कळलं असतं.

त्या मालकाकडून मजुरी घेतली नाही, पण त्याचे हंगामातले पाच दिवस मी परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. वेगवेगळ्या दोन तपासण्यांनी गळती कुठे आहे ते दाखवल्याशिवाय हेडला पाना लागत नाही, आणि डिझेल असेल तर कूलरचे होज काढून एकमेकांना जोडतो, कूलर बाजूला ठेवतो आणि बुडबुडे पुन्हा बघतो. बुडबुडे थांबले तर दोष कूलरचा. तुमच्या मेकॅनिकलाही हे विचारा. चांगला मेकॅनिक रागावणार नाही.

डिझेलचं आणखी थोडं

कूलंटची रेघ जागच्या जागी आहे आणि सकाळी उग्र वासाचा पांढरा धूर येतो, इंजिन थरथरतं, गरम झाल्यावर थांबतं, तर आधी हीटर प्लग, म्हणजे गार डिझेल इंजिन सुरू होताना सिलिंडर आतून तापवणारे प्लग, तपासा. मल्टिमीटरवर चांगल्या प्लगचा रोध अगदी कमी, साधारण एक ओमच्या आसपास येतो. जळलेला प्लग काहीच दाखवत नाही. तपासायला बॅटरीची वायर थेट लावू नका, नव्या गाड्यांतले काही प्लग १२ व्होल्टचे नसतात. काढताना इंजिन कोमट असू द्या आणि जोर लावू नका. मोडलेला प्लग काढायला मग खरोखरच हेड उतरवावं लागतं.

गरम झाल्यावरही धूर थांबत नसेल तर नोझल, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. कॉमन रेलच्या, म्हणजे नोझलला डिझेल पुरवणाऱ्या, पाइपांना हात लावायचा नाही, त्यात हजार बारच्या वर दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. हे काम डिझेलवाल्याचंच.

पावसाळ्यात टाकी भरल्यानंतर धूर सुरू झाला असेल तर डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. दहा मिनिटं ठेवा. पाणी तळाला बसलेलं दिसतं.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरमधला फिल्टर अधूनमधून साठलेली काजळी जाळतो. त्या वेळी गाडीजवळ तापल्याचा वास येतो, आयडलिंग थोडं वाढतं, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो, हलका पांढरट धूरही दिसू शकतो. हा दोष नाही. मध्येच गाडी बंद न करता एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवा.

पेट्रोल गाडीत एक वेगळंच कारण कधीतरी निघतं. ब्रेक ऑइल कमी होतंय, चाकांपाशी कुठेही ओल नाही आणि धूर दाट पांढरा. मास्टर सिलिंडरचं सील गेलं की ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्यात, उतरतं आणि इंजिन ते व्हॅक्यूमच्या नळीतून ओढून घेतं. बाटल्या दोन आहेत, दोन्ही बघा. ही गाडी चालवतच गॅरेजला न्यायची नाही, ब्रेकचा प्रश्न आहे.

घाटात काटा वर गेला तर

कसाऱ्यात किंवा खंबाटकीत चढताना पांढरा धूर आणि तापमानाचा काटा वर, असं झालं तर जागा दिसेल तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि पाऊण तास तरी थांबा. बाजूला घेईपर्यंत एसी बंद आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवा, त्याने इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर कूलंट संपलंय. अशा वेळी काट्यावर विसंबू नका. सेन्सर पाण्याबाहेर राहिला की काटा खाली दिसतो आणि इंजिन मात्र आत भाजत असतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. खाली लोखंडी ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड असलेली गाडी एकदा जास्त तापली, की गॅस्केट दोघांच्या ओढाताणीत चिरडते.

हेड उघडायचंच ठरलं तर

हेड नुसतं पुसून परत बसवू देऊ नका. टर्नरकडे सरळपणा तपासून घ्या. बहुतेक मॅन्युअलमध्ये वाकण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही इतकी. तडा आहे का ते दाबाखाली तपासायला सांगा. वाकलं असेल तर फेसिंग मारतात, म्हणजे घासून सपाट करतात, पण किती मारायचं यालाही मर्यादा असते. पुष्कळ गाड्यांत हेडचे बोल्ट एकदाच ताणायचे असतात, तिथे नवेच बोल्ट घ्या. ते टॉर्क रेंचने आणि सांगितलेल्या क्रमानेच आवळायला हवेत. आणि हेड तापलं कशाने, ते शोधल्याशिवाय बिल देऊ नका. पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा चोंदलेला रेडिएटर, यातलं काहीतरी असतंच.

गळती थांबवणारी बाटली कूलंटमध्ये ओता, असं कोणी सांगितलं तर नको म्हणा. ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक वाटा आधी बुजवते.

गाडी घरी आली की कूलंटच्या बाटलीवरची जुनी रेघ पुसून टाका, गार इंजिनावर नवी मारा आणि तारीख लिहा. आत राहिलेली हवा बाहेर पडते तशी पहिले दोन-तीन दिवस पातळी थोडी उतरते, तेवढं भरा. त्यानंतर पहिले हजार किलोमीटर ती रेघ रोज सकाळी बघा.